सातबारा कोरा असला म्हणजे जमीन मोकळी झाली असे नाही

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकासोबत दर शनिवारी येणारी मालमत्ता पुरवणी मी नियमाने वाचतो. पावसाळा सरला की तीत नेरळ, कर्जत, खालापूर, मुरबाड, शहापूर या बाजूच्या जमिनींच्या जाहिरातींना ऊत येतो. 'स्टेशनपासून वीस मिनिटे', 'नदीला लागून', 'सातबारा तुमच्या नावावर', 'क्लिअर टायटल' ही त्यांतली नेहमीची वाक्ये. मी एका राष्ट्रीयीकृत बँकेत एकतीस वर्षे नोकरी केली आणि त्यांतली शेवटची अकरा वर्षे कर्ज विभागात काढली, त्यामुळे 'क्लिअर टायटल' हे शब्द दिसले की त्यांच्यामागचा कागद पाहावासा वाटतो. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर आदिवासीकडे जाण्यावर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ३६ आणि ३६अ ने निर्बंध घातले आहेत. वरील सगळा भाग ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली या आदिवासी जमातींच्या वस्तीचा असूनही या कलमांचा उल्लेख मला त्या जाहिरातींत आजवर एकदाही आढळलेला नाही. हे पत्र त्याविषयी आहे, आणि ते लिहायला घरातलेच एक प्रकरण कारण झाले.

माझ्या पुतण्याने गेल्या दिवाळीनंतर कर्जत तालुक्यातल्या एका 'फार्महाऊस प्रोजेक्ट'मध्ये अकरा गुंठ्यांचा तुकडा पसंत केला आणि एक्कावन्न हजार रुपये टोकन देऊन मग मला कागद दाखवायला आणले. आमच्या वडिलांची साताऱ्याकडे थोडी जमीन असल्यामुळे शेतकरी दाखल्याचा प्रश्न नव्हता. संगणकीकृत सातबारा स्वच्छ होता, भोगवटादार वर्ग १ (एरवी विकायला सरकारी परवानगी न लागणारा प्रकार) होता आणि 'इतर हक्क' हा रकाना रिकामा होता. "काका, सातबारा कोरा करकरीत आहे, सोसायटीचा बोजासुद्धा नाही," असे एजंटाने मला फोनवर दोनदा सांगितले. सोबत वकिलाचा तीस वर्षांचा शोध अहवाल होता आणि त्यातही १९९५ च्या खरेदीखतापासून आजच्या विक्रेत्यापर्यंतची साखळी कुठे तुटलेली नव्हती. मी नोकरीत असतो तर या फाइलवर बहुधा सही केली असती, हे कबूल केले पाहिजे. मनात खटकत होती ती एकच गोष्ट. पलीकडच्या बांधाला लागून असलेल्या जमिनीचा दर या तुकड्याच्या जवळजवळ दुप्पट होता.

जागा पाहायला गेलो तेव्हा तारेच्या कुंपणाबाहेर एक म्हातारा शेळ्या राखत उभा होता. आमची गाडी, एजंटाच्या हातातला रंगीत नकाशा, पांढऱ्या चुन्याने आखलेले रस्ते हे सगळे तो शांतपणे पाहत होता. मी सहज विचारले, बाबा, इथे पूर्वी काय पिकायचे? "नाचणी न् वरी. वरकस होती ना आमच्या बापाची," असे तो म्हणाला आणि शेळ्यांमागे निघून गेला. (वरकस म्हणजे डोंगरउताराची हलकी जमीन.) एजंट हसला. असे इथे सगळेच म्हणतात, हे त्याचे उत्तर.

सगळेच म्हणत असतील तर त्याला काही कारण असावे, असे मला वाटले. जुना सातबारा वाचण्याची सवय असलेल्यांना माहीत आहे की नावाशेजारी एका वर्तुळात फेरफाराचा, म्हणजे हक्कबदलाच्या नोंदीचा, क्रमांक असतो, आणि मालक बदलला की जुन्या नावाला कंस घालतात. नाव खोडत नाहीत, त्यामुळे ते कंसात वाचता येते. संगणकीकृत उताऱ्यावर हे जुने कंस उतरत नाहीत. म्हणून तालुक्याच्या अभिलेख कक्षातून हस्तलिखित सातबारा आणि एकामागून एक फेरफार काढले: २००९ ची खरेदी, १९९५ ची खरेदी, १९८८ ची वारस नोंद आणि त्यामागे १९७३ ची नोंद. या शेवटच्या नोंदीत रजिस्टर खरेदीखताने नऊशे रुपयांना जमीन घेतल्याचे नमूद होते. देणाऱ्याच्या नावापुढे बापाचे नाव होते आणि त्यापुढे फक्त 'ठाकूर' एवढा शब्द होता. त्याच्याही मागे १९६४ ची नोंद निघाली. कूळ कायद्याच्या कलम ३२ग प्रमाणे कुळाने जमीन विकत घेतल्याची ती नोंद होती आणि ते कूळ म्हणजे हाच ठाकूर. कसणाऱ्याला मालक करणारा कायदा आला, त्याच्या नावावर जमीन चढली आणि नऊ वर्षांत ती नऊशे रुपयांना गेली.

ही साखळी कुठल्या कायद्याखाली येते ते नीट सांगितले पाहिजे, कारण एजंट, विक्रेते आणि काही वेळा वकीलही दोन वेगळे कायदे एकत्र कालवून 'ते जुने झाले, आता लागू होत नाही' असे सांगून मोकळे होतात. पहिला कायदा आहे महाराष्ट्र अनुसूचित जमातींना जमिनी प्रत्यार्पित करण्याचा अधिनियम, १९७४. हा १ नोव्हेंबर १९७५ पासून अमलात आहे आणि तो १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात आदिवासीकडून बिगर आदिवासीकडे गेलेल्या जमिनींना लागू होतो. १ एप्रिल १९५७ ही तारीख कुठून आली, तर तो कूळ कायद्याचा कृषक दिन, म्हणजे कसणाऱ्या कुळाला मालक मानण्याचा दिवस. ज्या कायद्याने आदिवासीला जमीन दिली त्याच्या पहिल्या दिवसापासून ती कोणी काढून घेतली हे पाहण्यासाठी हा १९७४ चा कायदा झाला. त्या काळात झालेला व्यवहार तेव्हाच्या नियमांनुसार रीतसर असला, मोबदला दिलेला असला, दस्त नोंदवलेला असला, तरीही जमीन परत देता येते. ती जमीन ६ जुलै १९७४ पूर्वीच बिगरशेती वापरात गेलेली असेल तर गोष्ट वेगळी. या कायद्याच्या वैधतेला आव्हान दिले गेले होते, आणि सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९८४ मध्ये लिंगप्पा पोचन्ना अप्पेलवार विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात तो वैध ठरवला. मूळ आदिवासीने जमीन परत घेताना द्यायची रक्कम म्हणजे जमिनीच्या आकाराच्या (शेतसाऱ्याच्या) ४८ पट, अधिक जमिनीवर केलेल्या सुधारणांचे ठरवले जाईल ते मोल. आमच्या समोरच्या सातबाऱ्यावर अख्ख्या गटाचा आकार एक रुपया चाळीस पैसे होता. अठ्ठेचाळीस पट केल्यावर सदुसष्ट रुपये वीस पैसे होतात. पुतण्या त्यातल्या अकरा गुंठ्यांसाठी जी रक्कम मोजायला निघाला होता ती इथे लिहीत नाही.

दुसरा कायदा ६ जुलै १९७४ नंतरच्या व्यवहारांचा, आणि तो म्हणजे संहितेचे कलम ३६अ. विक्री, बक्षीस, अदलाबदल, गहाण, भाडेपट्टा किंवा आणखी कोणत्याही प्रकाराने आदिवासीची जमीन बिगर आदिवासीकडे पूर्वमंजुरीशिवाय जाऊ शकत नाही. दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याच्या बजावणीत झालेला लिलावही यातून सुटलेला नाही, आणि म्हणूनच अशा जमिनीच्या तारणावर कर्ज देताना बँका हात आखडता घेतात. पाच वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्याला किंवा गहाणाला जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी पुरते, बाकी सर्व बाबतींत जिल्हाधिकाऱ्यांना आधी राज्य शासनाची मान्यता घ्यावी लागते. मंजुरीपूर्वी जिल्हाधिकाऱ्यांची अशी खात्री व्हावी लागते की त्या गावात किंवा पाच किलोमीटरच्या आत राहणारा कोणीही आदिवासी ती जमीन घ्यायला तयार नाही. अनुसूचित क्षेत्रातल्या (घटनेखाली जाहीर झालेल्या आदिवासी भागातल्या) गावांत त्याखेरीज ग्रामसभेची मंजुरी लागते. मंजुरीशिवाय झालेल्या व्यवहाराची चौकशी जिल्हाधिकारी स्वतःहून करू शकतात, किंवा ६ जुलै २००४ पासून तीस वर्षांच्या आत, म्हणजे २०३४ च्या जुलैपर्यंत, हितसंबंधित व्यक्ती अर्ज करू शकते. उल्लंघन सिद्ध झाले तर ती जमीन उभ्या पिकासह, सर्व बोज्यांपासून मुक्त होऊन शासनाकडे जमा होते आणि मग मूळ आदिवासीला, तो घेत नसल्यास परिसरातल्या अन्य आदिवासीला देण्याचा मार्ग खुला होतो. 'सर्व बोज्यांपासून मुक्त' या शब्दांत खरेदीदाराने काढलेले बँकेचे कर्जही आले. दिवाणी न्यायालयाचा दरवाजा यात बंद आहे, आणि महसूल अधिकाऱ्यांपुढील या कार्यवाहीत वकिलांनाही एरवी उभे राहता येत नाही. पैसेवाल्याचा वकील आणि वकील नसलेला आदिवासी असा सामना होऊ नये, हा त्यामागचा हेतू उघड आहे.

आता तीस वर्षांच्या शोध अहवालाकडे वळतो, कारण माझ्या मते खरेदीदार फसतो तो इथेच. आम्ही बँकेत तीस वर्षांचा शोध मागत असू, आणि त्याला आधार होता तो मुदतीच्या कायद्याचा. गहाण सोडवून घेण्याच्या दाव्याची मुदत तीस वर्षे, शासनाच्या दाव्याचीही तीस वर्षे. एवढा काळ कोणी दावा केला नाही तर पुढे कोण करणार, असा तो हिशेब. तो बाकी सगळीकडे बरोबर असेल, पण कलम ३६अ आणि १९७४ चा कायदा या हिशेबात बसत नाहीत. आज तीस वर्षे मागे गेले तर १९९० च्या दशकाच्या मध्याशी शोध थांबतो. १९७३ चा फेरफार त्याच्या दृष्टीस पडतच नाही, १९७९ चा पडत नाही, १९८५ चाही पडत नाही. अहवालात शेवटी 'विक्रेत्याचा हक्क निर्वेध व विक्रीयोग्य आहे' असे वाक्य येते आणि ते खोटेही नसते, कारण त्या वकिलाला जेवढ्या काळातले पाहायला सांगितले तेवढ्यातले त्याने पाहिलेले असते. सह्याद्रीच्या पायथ्याच्या कोणत्याही तालुक्यात जमीन घेणाऱ्याने १ एप्रिल १९५७ पर्यंतचे सर्व फेरफार पाहिल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये, असे मी आता ओळखीच्या प्रत्येकाला सांगतो. स्कॅन केलेले जुने अभिलेख अनेक जिल्ह्यांत ऑनलाइन मिळतात आणि नाममात्र शुल्क पडते. अक्षर लागत नसेल तर एखाद्या निवृत्त तलाठ्याला सोबत घ्यावे. (तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे, पण गावात अजून तलाठीच म्हणतात.)

दोन समज तर सरसकट ऐकू येतात. एक असा की हे निर्बंध फक्त 'पेसा'च्या, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींसाठीच्या कायद्याखालच्या, गावांत आहेत. राज्यातल्या तेरा जिल्ह्यांत अनुसूचित क्षेत्र आहे, त्यात रायगड नाही, तेव्हा कर्जत-खालापुरात काळजी नको, असे मलाही ऐकवण्यात आले. ते चुकीचे आहे. आदिवासीची जमीन राज्यात कुठेही असो, तिला हे निर्बंध लागू आहेत असे संहिता स्पष्ट म्हणते. शहापूरसारखा तालुका पूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात येतो म्हणून तिथे ग्रामसभेची अट वाढते, एवढाच फरक. दुसरा समज असा की आडनावावरून कळते. आमच्या प्रकरणात 'ठाकूर' हे जमातीचे नाव होते. ठाकूर आडनावाची कितीतरी आगरी आणि अन्य कुटुंबे याच रायगडात आहेत, आणि उलट महादेव कोळ्यांची अनेक आडनावे मराठा-कुणब्यांशी जुळतात. 'पारधी' हे तर स्वतंत्र जमातीचेही नाव आहे आणि ठाकरांमधले आडनावही. जातीचा दाखला, शाळेचा दाखला, गावातली विचारपूस यांशिवाय दुसरा इलाज नाही.

हे निर्बंध माहीत नसतात ते खरेदीदाराला. मधल्या माणसाला ते नेमके माहीत असतात आणि त्याचा धंदाच त्यांना वळसा घालण्यावर चालतो. मी नोकरीत पाहिलेले प्रकार थोडक्यात सांगतो. साठेखत करून ताबा घ्यायचा आणि सोबत कुलमुखत्यारपत्र करून ठेवायचे, म्हणजे विक्री झालीच नाही असे म्हणता येते. नव्याण्णव वर्षांचा भाडेपट्टा करायचा आणि तो नोटरीकडे ठेवून द्यायचा. मृत्युपत्रात बिगर आदिवासीला वारस करायचे. दुसऱ्या एखाद्या आदिवासी माणसाच्या, बहुतेक वेळा आपल्याच बागेवरच्या गड्याच्या नावावर जमीन घ्यायची आणि पैसा आपला लावायचा. बेनामी व्यवहारांविरुद्धचा १९८८ चा कायदा २०१६ च्या दुरुस्तीने पुरेसा कडक झालेला आहे, याची जाणीव त्या वेळी कोणाला नसते. सगळ्यांत वाईट प्रकार वनपट्ट्याचा. वनहक्क कायदा, २००६ खाली मिळालेला हक्क वारसाने पुढे जातो, पण विकता किंवा हस्तांतरित करता येत नाही. तरी शंभर रुपयांच्या स्टॅम्पवर 'वनपट्टा विक्री करार' लिहून दिलेले मी स्वतः पाहिले आहेत. असा कागद घेऊन कर्ज मागायला आलेला गृहस्थ शाळेत मुख्याध्यापक होता.

यावर हमखास विचारला जाणारा प्रश्न असा की आदिवासीने स्वतःची जमीन विकायची की नाही हे सरकारने का ठरवावे. प्रश्न अगदीच फेकून देण्यासारखा नाही. घरात आजारपण निघाले आणि हाती असलेली एकच वस्तू विकता येत नाही, ही अडचण खरी आहे. परवानगीची फाइल तालुक्यातून जिल्ह्याला, जिल्ह्यातून मंत्रालयात जाते, आणि तिच्यामागे धावण्याची ताकद त्या माणसात नसते. पण हा निर्बंध कोणाच्या लहरीतून आलेला नाही. १९३० च्या दशकाच्या अखेरीस मुंबई सरकारसाठी डी. सायमिंग्टन या अधिकाऱ्याने ठाणे आणि इतर जिल्ह्यांतील आदिवासींच्या स्थितीचा अहवाल दिला तेव्हा डहाणू-उंबरगावच्या वारल्यांच्या जमिनी सावकार-जमीनदारांकडे गेलेल्या होत्या आणि तेच वारली त्याच जमिनींवर वेठीने राबत होते. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवरा-बायको दोघेही सावकाराकडे बांधले जात. त्याला लग्नगडी म्हणत. १९४५ मध्ये गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या पुढाकाराने किसान सभेचा लढा उभा राहिला तो याच भागात. व्यवहार करणाऱ्या दोघांपैकी एकाला वाचता येत नाही आणि दुसऱ्याला कायदा पाठ आहे, अशा ठिकाणी 'खरेदी-विक्रीचे स्वातंत्र्य' म्हणजे काय असते ते ठाणे जिल्ह्याने पुरते अनुभवलेले आहे. महाराष्ट्र यात एकटाही नाही. झारखंडात छोटानागपूरचा १९०८ चा कायदा आजही लागू आहे, आणि तेलंगणाच्या अनुसूचित क्षेत्रात तर एका बिगर आदिवासीला आपली जमीन दुसऱ्या बिगर आदिवासीलाही विकता येत नाही. आदिलाबादकडच्या मराठी कुटुंबांना हे चांगले ठाऊक आहे.

शिवाय निर्बंधामुळे जमिनीचा दर पडतो असे जे म्हणतात, त्यांनी तो फरक कोणाच्या खिशात जातो हेही पाहावे. पुतण्याला सांगितलेला दर शेजारच्या जमिनीच्या निम्मा होता, पण तो निम्मा दरसुद्धा ठाकराच्या घरी गेला नव्हता. त्या घरी १९७३ मध्ये नऊशे रुपये गेले. पुढच्या प्रत्येक हाताने जोखीम ओळखून थोडे स्वस्तात घेतले, थोडे महागात विकले आणि ती जोखीम खालच्या माणसाकडे सरकवली. साखळीच्या शेवटी कर्जाचे हप्ते भरणारा एक नोकरदार उभा असतो, आणि आपल्याला जमीन स्वस्त कशी मिळाली हे त्याने कोणाला विचारलेले नसते. अशा खरेदीदाराची फसवणूक होते हे खरे. मात्र बाजारभावाच्या निम्म्याने जमीन मिळते आहे हे कळल्यावरही चौकशी न करणाऱ्याला मी पूर्ण निर्दोष मानत नाही. माझ्या पुतण्यालाही हे मी तोंडावर सांगितले आणि आठवडाभर तो माझ्याशी बोलला नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी आदिवासींना आपली जमीन खासगी व्यक्ती वा संस्थांना थेट भाडेपट्ट्याने देता यावी यासाठी कायदा करण्याचे सूतोवाच गडचिरोलीत केले, आणि एकरी वर्षाला किमान पन्नास हजार रुपये भाडे मिळेल असे सांगितले. पडीक जमिनीतून आदिवासीला उत्पन्न मिळणार असेल तर त्याला विरोध करण्याचे कारण नाही. परंतु पाच वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीने आजही करता येतो. त्या तरतुदीखाली किती मंजुऱ्या दिल्या गेल्या, किती नाकारल्या गेल्या आणि मुदत संपल्यावर किती जमिनी खरोखर परत मिळाल्या, हे शासनाने आधी तालुकावार जाहीर करावे. कर्जत-शहापूरच्या पट्ट्यात भाडेपट्टा या शब्दाचा अर्थ काय होतो ते मी वर लिहिलेच आहे. ज्या जमिनीवर स्विमिंग पूल बांधला गेला ती वरकस म्हणून परत कशी मिळायची?

माझ्या सूचना मोजक्या आहेत आणि त्यांसाठी नवा कायदा लागत नाही. १९५७ नंतर कोणत्याही टप्प्यावर ज्या गटाचा खातेदार अनुसूचित जमातीचा होता, त्या गटाच्या चालू सातबाऱ्यावर 'इतर हक्क' रकान्यात तशी नोंद आली पाहिजे, मग आजचा खातेदार कोणीही असो. सध्या खातेदार आदिवासी असेल तर पुष्कळ ठिकाणी 'कलम ३६ व ३६अ च्या तरतुदींस अधीन' असा शेरा दिसतो. मात्र जमीन एकदा त्याच्या हातून गेली की शेराही जातो, म्हणजे नेमकी जिथे त्याची गरज आहे तिथे तो नसतो. हस्तलिखित सातबाऱ्यांचे स्कॅनिंग झालेले असताना हे काम अशक्य नाही. गावोगावच्या तलाठ्याने जुने कंस तपासून यादी करायची आहे, आणि पीक पाहणीसाठी नाहीतरी तो त्याच गटांत फिरतो.

दुसरी गोष्ट निकालांची. १९७४ च्या कायद्याखाली त्या काळी गावोगाव चौकश्या झाल्या. कुठे जमीन परत देण्याचा आदेश झाला, कुठे 'हस्तांतरण अबाधित' असा निर्णय झाला, कुठे आदिवासीने घेण्यास नकार दिला. आमच्या गटाचीही कदाचित चौकशी होऊन निकाल लागलेला असेल आणि आजचा विक्रेता पूर्ण निर्दोष असेल. पण तो निकाल विक्रेता दाखवू शकला नाही, तहसील कार्यालयाला सापडला नाही आणि प्रांत कार्यालयातल्या लिपिकाने 'पंधरा दिवसांनी या' असे तीनदा सांगितले. हे सर्व निकाल, तसेच कलम ३६अ खाली दिलेल्या आणि नाकारलेल्या सर्व मंजुऱ्या, गट क्रमांकानुसार महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर उघड ठेवाव्यात. चौकशी झालेलीच नाही असे गट वेगळे दाखवावेत. त्याने प्रामाणिक खरेदीदाराचे भले होईल, प्रामाणिक विक्रेत्याचेही होईल, आणि ज्याचा बाप नऊशे रुपयांना जमीन गमावून बसला त्याला आपल्या गटाची चौकशी झाली की नाही हे निदान कळेल. त्या पाच किलोमीटरच्या अटीची जाहीर सूचनाही चावडीच्या फळ्यावर एक कागद चिकटवून भागू नये; परिसरातल्या प्रत्येक पाड्यावर ती वाचून दाखवली जावी.

दुय्यम निबंधक कार्यालयात दस्त नोंदला गेला म्हणजे सरकारने व्यवहार मान्य केला, असा एक ठाम समज आपल्याकडे आहे. नोंदणी ही दस्ताची असते, हक्काची नसते. मुद्रांक शुल्काची पावती मिळाली, बोटांचे ठसे झाले, फोटो निघाला, यातले काहीही कलम ३६अ च्या आड येत नाही. तेव्हा दस्त नोंदवण्यापूर्वी दोन्ही पक्षांना हे मराठीत छापून, सही घेऊन सांगण्याची पद्धत तिथे सुरू करायला काय हरकत आहे?

आणि एक विनंती आपल्यालाही, संपादक महाशय. बांधकाम प्रकल्पाच्या जाहिरातीत महारेराचा क्रमांक छापण्याची आता सर्वांना सवय झाली आहे. शेतजमिनीच्या आणि फार्महाऊस प्लॉटच्या जाहिराती स्वीकारताना मूळ गट क्रमांक आणि १९५७ पासूनचे फेरफार उपलब्ध असल्याचे जाहिरातदाराचे निवेदन आपण मागू शकता. जाहिरातीचे उत्पन्न थोडे घटेल, याची मला कल्पना आहे.

पुतण्याने व्यवहार मोडला. टोकनपैकी पंचवीस हजार परत मिळाले, उरलेल्या रकमेचा धनादेश दोनदा वटला नाही. त्या म्हाताऱ्याला शोधायला मी जानेवारीत पुन्हा गेलो होतो, १९७३ च्या फेरफाराची नक्कल सोबत घेऊन. तो पाड्यावरच राहतो. नक्कल त्याने हातात धरली, उलटी धरली, मग नातवाला हाक मारली. नातू नववीत शिकतो. त्याने आजोबाच्या बापाचे नाव मोठ्याने वाचून दाखवले, किंमत वाचली, आणि तालुक्याला कुठल्या खिडकीवर जायचे ते मला विचारले. खिडकी मी सांगितली, अर्जाचा मसुदाही करून दिला. मागल्या शनिवारी आपल्या पुरवणीत त्याच गटाची जाहिरात पुन्हा आलेली पाहिली. 'शेवटचे चार प्लॉट शिल्लक' असे तीत लिहिले आहे.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी,
डोंबिवली (पूर्व)